तरीपण फाशी नको

महाराष्ट्रात फाशी द्यायची सोय दोनच जेलांमध्ये आहे, एक पुण्याचं येरवडा आणि दुसरं आपलं नागपूरचं. बाहेरगावच्या पाहुण्याला हे सांगितलं की तो जरा दचकतो. आम्हाला काही वाटत नाही, कारण ते जेल गावाबाहेर कुठे लपलेलं नाहीये, भर वर्धा रोडवर आहे, राहाटे कॉलनीहून अजनी चौकाकडे जाताना ती लांबच लांब भिंत लागते, आम्ही तिच्या बाजूने ॲक्टिव्हा दामटत ऑफिसला जातो आणि डोक्यात सिग्नल, भाजी, पोरांची फी असलं सगळं चालू असतं. भिंतीच्या आत फाशी यार्ड आहे हे आमच्यापैकी बहुतेकांना कळलं ते २०१५ च्या जुलैत, कारण त्याच्या आधीची इथली फाशी थेट १९८४ ची होती.

तो आठवडा ज्यांना आठवतो त्यांना आठवत असेल. २७ जुलैला शिलाँगला कलामसाहेब गेले. त्याच दिवशी सकाळी पंजाबात दीनानगरच्या पोलिस ठाण्यावर हल्ला झाला. आणि इकडे वर्धा रोडवर टीव्हीवाल्यांच्या ओबी व्हॅनची रांग, बॅरिकेड, पोलिसच पोलिस, कारण ३० तारखेला १९९३ च्या मुंबई स्फोटांतल्या याकूब मेमनला फाशी ठरलेली. आदल्या दिवशी राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला, मग मध्यरात्री वकील धावले, पहाटे तीन-सव्वातीनला सुप्रीम कोर्ट उघडून सुनावणी झाली. मागत काय होते तर चौदा दिवस. २०१४ मध्ये याच कोर्टाने नियम घालून दिला होता की दयेचा अर्ज फेटाळल्याचं कैद्याला कळवल्यावर फाशीपर्यंत निदान चौदा दिवस मध्ये गेले पाहिजेत. पाचच्या सुमारास कोर्ट नाही म्हणालं आणि सातच्या आसपास झालं सगळं. बावीस वर्षांच्या खटल्याला चौदा दिवस जड झाले! त्या दिवशी त्याला त्रेपन्न पूर्ण झाली होती, म्हणजे वाढदिवस होता.

आमच्या चौकात पेढे वाटले गेले. मी घेतला नाही, त्यावरून जे ऐकून घेतलं ते अजूनही अधूनमधून ऐकते.

त्याच दिवशी रामेश्वरमला कलामांचा दफनविधी होता, त्यामुळे मोबाईलवर दिवसभर एकच फोटो फिरत होता, एका बाजूला कलाम आणि दुसऱ्या बाजूला याकूब, खाली ‘काय व्हायचं ते तुम्ही ठरवा’. म्हणजे मुसलमानाला दोनच पर्याय, राष्ट्रपती हो नाहीतर फासावर जा, मधलं काही नाहीच, पंक्चरवाला नाही, प्रोफेसर नाही, काही नाही. आणि गंमत बघा, ज्या कलामांचा फोटो लावून लोक फाशीचा आनंद करून राहिले होते, त्याच कलामांनी लॉ कमिशनने, म्हणजे कायद्यात काय बदलावं ते सरकारला सुचवणाऱ्या आयोगाने, मत विचारलं तेव्हा फाशी रद्द करा असं कळवलं होतं. राष्ट्रपती असताना फाशीच्या फायली पाहून त्यांना वाटलं होतं की यात गरीब आणि खालच्या थरातलीच माणसं जास्त दिसतात. आणि तरी बलात्कार-खुनाच्या केसमधल्या धनंजय चॅटर्जीचा दयेचा अर्ज त्यांनीच फेटाळला आणि २००४ मध्ये त्याला कोलकात्यात फाशी झाली. माणूस असा असतो, फॉरवर्डमध्ये मावत नाही.

तर सरळच लिहून टाकते, मी फाशीच्या विरोधात आहे. बलात्कार, दरोडा, खून वगैरे केसमध्ये विरोध करणारे बरेच सापडतात, पण देशावर मोठा घाव झाला की तेसुद्धा गप्प होतात किंवा ‘हे मात्र वेगळं आहे हं’ असं म्हणून बाजूला सरकतात. मला उलट वाटतं, तिथेच जास्त जोराने विरोध करायला पाहिजे. का ते सांगते, पण त्याच्या आधी मामा.

माझा मामा रेल्वेतून रिटायर झालेला, अजनीला राहतो, मनाने इतका मऊ की गल्लीतल्या कुत्र्यांना दूध-पोळी घालतो. पण या विषयावर त्याच्याशी बोलायची सोय नाही. “तुह्या घरचं कोनी गेलं असतं, मंग असं बोलली असती का वं?” हा त्याचा प्रश्न दरवेळी ठरलेला. आणि प्रश्न चुकीचा नाहीये. १२ मार्च १९९३ ला दुपारी मुंबईत दोन-अडीच तासांत शेअर बाजार, एअर इंडिया बिल्डिंग, प्लाझा, सेंच्युरी बाजार, झवेरी बाजार असे एकामागून एक स्फोट झाले आणि २५७ माणसं गेली. ११ जुलै २००६ ला संध्याकाळी वेस्टर्न रेल्वेच्या सात लोकलमध्ये, फर्स्ट क्लासच्या डब्यांत, अवघ्या काही मिनिटांत सात स्फोट, १८९ माणसं गेली. माझा मावसभाऊ तेव्हा चर्चगेट-बोरिवली करायचा. फोन लागत नव्हते, मावशी इथे मानेवाड्याला देवासमोर बसून होती, रात्री उशिरा त्याचा आवाज ऐकला तेव्हा कुठे घरात चूल पेटली. त्याच्या ऑफिसातला एक जण आलाच नाही घरी. त्या माणसाच्या बायकोने फाशी मागितली तर मी तिच्यासमोर उभी राहून तिला कायदा शिकवणार आहे का? मुळीच नाही. तिला राग यायलाच पाहिजे. माझं भांडण तिच्याशी नाहीये, तिच्या रागाचं पुढे सरकार काय करतं त्याच्याशी आहे.

आता ७/११ चंच, म्हणजे त्या लोकलमधल्या स्फोटांचंच बघा. सप्टेंबर २०१५ मध्ये, म्हणजे याकूबच्या फाशीला दोन महिने झाले तोच, मुंबईच्या मकोका (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा राज्याचा कडक कायदा) कोर्टाने बारा जणांना दोषी धरलं, पाचांना फाशी, सातांना जन्मठेप. तेव्हा पण सगळीकडे हेच, लवकर लटकवा, कशाला पोसता. समजा लटकवलं असतं. समजा अपील-बिपील हा सगळा टाइमपास बंद करून मामाच्या मनासारखं सहा महिन्यांत काम उरकलं असतं. मग २१ जुलै २०२५ ला मुंबई हायकोर्टाने काय केलं असतं? कारण त्या दिवशी हायकोर्टाने बाराच्या बारा जणांना निर्दोष सोडलं. म्हणाले सरकारी पक्षाला केस सिद्ध करताच आली नाही, बॉम्ब कोणत्या प्रकारचे होते हेसुद्धा शाबीत झालं नाही, साक्षीदारांनी शंभरेक दिवसांनी चेहरे ओळखले ते विश्वास ठेवण्यासारखं नाही, ज्याने ओळखपरेड घेतली त्याला तो अधिकारच नव्हता, आणि कबुलीजबाब मारहाण करून घेतल्यासारखे, एकमेकांची कॉपी वाटावेत असे. त्याच संध्याकाळी आमच्या त्या वर्धा रोडच्या जेलमधून दोघं बाहेर आले आणि त्यातला एक फाशीचा होता. पाच फाशीवाल्यांपैकी एक जण याच जेलमध्ये असताना २०२१ मध्ये कोरोनाने गेला, तो मेल्यावर निर्दोष झाला.

हो, पुढचं पण सांगते, नाहीतर अर्धवट सांगितलं म्हणाल. राज्य सरकार लगेच सुप्रीम कोर्टात गेलं, तिथे तीनच दिवसांत त्या निकालाला स्थगिती मिळाली, म्हणजे दुसऱ्या केसमध्ये त्याचा दाखला देता येणार नाही, पण सुटलेल्यांना परत आत टाकायची गरज नाही असंही कोर्ट म्हणालं. केस अजून संपलेली नाही. पण एकोणीस वर्षांनी हायकोर्ट म्हणतं की ही माणसंच नव्हेत, आणि त्याच निकालपत्रात असंही म्हणतं की गुन्हेगार सापडले असा खोटा देखावा उभा केला की लोकांना खोटा दिलासा मिळतो आणि खरा धोका बाहेर मोकळाच राहतो. हे वाक्य मी दोनदा वाचलं. त्या ऑफिसातल्या माणसाच्या बायकोला या देशाने नक्की काय दिलं मग? एकोणीस वर्षं तिला सांगितलं, हेच ते. आता सांगतात, माहीत नाही. फाशी झाली असती तर हे ‘माहीत नाही’ सुद्धा कधी बाहेर आलं नसतं, फाइल बंद, पेढे वाटप, पुढच्या बातमीकडे चला.

लोक म्हणतात असं एखाद्या वेळी होतं. नाही हो, एखाद्या वेळी नाही. राजीव गांधींची हत्या घ्या. २१ मे १९९१, श्रीपेरुंबुदूर. १९९८ मध्ये टाडा (दहशतवादाविरुद्धचा तेव्हाचा कायदा) कोर्टाने २६ आरोपींना फाशीची शिक्षा दिली, सव्वीसपैकी सव्वीस, एकही सुटला नाही. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने त्यातल्या १९ जणांची खुनाच्या आरोपातून सुटका केली आणि चौघांचीच फाशी कायम ठेवली. त्या चौघांपैकी पेरारिवलन अटकेच्या वेळी १९ वर्षांचा होता, आरोप काय तर बॉम्बसाठी बॅटऱ्या आणून दिल्या. ज्या सीबीआय अधिकाऱ्याने त्याचा कबुलीजबाब लिहून घेतला तोच २०१३ मध्ये म्हणाला की बॅटऱ्या कशासाठी हव्यात हे मला माहीत नव्हतं असं तो पोरगा बोलला होता, ते मी लिहिलं नाही. बाप्पा! एक ओळ लिहिली नाही आणि माणूस फासाच्या सावलीत म्हातारा व्हायला निघाला. २०२२ मध्ये सुटला.

मग अक्षरधाम. सप्टेंबर २००२ मध्ये गांधीनगरच्या मंदिरावर हल्ला, तीसच्या वर माणसं गेली. तिघांना फाशी झाली, हायकोर्टाने कायम केली, आणि १६ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने सगळे सहा आरोपी निर्दोष सोडले आणि तपासावर कडक ताशेरे मारले. तारीख ओळखीची वाटतेय ना? लोकसभेचे निकाल होते त्या दिवशी, टीव्हीवर ही बातमी कोण पाहणार.

हे असं मोठ्याच केसमध्ये का होतं याचं उत्तर फार अवघड नाही. साधा खून असला तर पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, इंग्रजांच्या काळापासून, कारण तो कसा काढला जातो हे इंग्रजांनापण माहीत होतं. टाडा, पोटा, मकोका हे दहशतवाद आणि टोळ्यांसाठीचे खास कायदे आले आणि त्यांत मात्र एसपी-डीसीपी दर्जाच्या साहेबासमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालायला लागली. आता विचार करा, शहर पेटलंय, मुख्यमंत्री दर दोन तासांनी फोन करतोय, चॅनलवाले विचारताहेत किती पकडले, लोक रस्त्यावर आहेत, आणि तपास करणाऱ्याच्या हातात हा कायदा आहे. तो काय करेल? जेवढा हादसा मोठा तेवढी माणसं पकडायची घाई मोठी, आणि तेवढंच कोर्टालापण सोडणं अवघड. संसदेवरच्या हल्ल्याच्या, म्हणजे अफझल गुरूच्या केसमध्ये २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने लिहूनच ठेवलंय की समाजाच्या सामूहिक विवेकाचं समाधान फाशीनेच होईल. म्हणजे शिक्षा गुन्ह्याच्या मापाने की आमच्या समाधानाच्या मापाने? आणि समाधान तरी कसलं, ९ फेब्रुवारी २०१३ ला तिहारमध्ये गुपचूप फाशी दिली, घरच्यांना स्पीड पोस्टाने कळवलं, ते पत्र पोचलं तेव्हा माणूस जेलच्या आवारात पुरून झाला होता.

म्हणूनच मला लॉ कमिशनचा तो गाजलेला रिपोर्ट उलटा वाटतो. ३१ ऑगस्ट २०१५, न्यायमूर्ती ए. पी. शहा अध्यक्ष, शिफारस अशी की फाशी सगळ्या गुन्ह्यांसाठी रद्द करा, फक्त दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे सोडून. हेतू चांगला होता, एवढं म्हटलं तर निदान बाकीचं तरी पदरात पडेल असं वाटलं असेल, पडलं काहीच नाही. पण अपवाद नेमका तिथे ठेवला जिथे सगळ्यात जास्त चुका झाल्यात! राजीव गांधी खटला, अक्षरधाम, ७/११, सगळं त्या अपवादातच बसतं.

बाकीच्या केसमध्येपण काही आबादीआबाद नाही. मार्च २०२३ मध्ये आमच्याच नागपूरच्या जेलमधून एक जण सुटला, मूळचा राजस्थानचा, पुण्यातल्या १९९४ च्या हत्याकांडात त्याला फाशी झाली होती, सुप्रीम कोर्टाने पण कायम केली होती. पुढे निघालं काय, तर गुन्ह्याच्या वेळी त्याचं वय साडेबारा वर्षं. साडेबारा! आमचा धाकटा त्या वयात शाळेचा डबा विसरायचा. अठ्ठावीस वर्षं आत राहिला तो पोट्टा. त्याचा शाळेचा दाखला शोधायला कोणाला वेळ नव्हता.

आता तुम्ही म्हणाल ठीक आहे, हे सगळे संशयाचे, पण २६/११ चा कसाब? कसाबचा तर फोटो आहे, बंदूक हातात घेतलेला. बरोबर. इथे ‘चूक झाली तर’ हे माझं कारण चालत नाही, मान्य आहे मला, कसाबने मारलं यात काही शंका नाही. तरीपण नको. आधी ती बिर्याणी बाजूला ठेवू. कसाबला बिर्याणी खाऊ घालतात हे आपण सगळ्यांनी किती वर्षं ऐकलं, मामा तर अजून म्हणतो, आणि २०१५ मध्ये जयपूरला एका परिषदेत उज्ज्वल निकमांनी स्वतः सांगून टाकलं की कसाबने बिर्याणी कधी मागितली नव्हती, त्याच्याबद्दल सहानुभूती तयार होत होती म्हणून ते मीच म्हटलं होतं. सरकारी वकील होते ते. आणि आपण त्यावर एका अख्ख्या देशाचा संताप शिजवला.

दुसरं असं की तुकाराम ओंबळेंनी गिरगाव चौपाटीवर एके ४७ ची नळी हातांनी धरून, गोळ्या पोटात घेऊन, त्याला जिवंत पकडून दिला. दहा जणांपैकी तो एकटा जिवंत हाती आला, आणि त्यामुळेच पाकिस्तानचं नाव पुराव्यासकट सांगता आलं. त्या पुराव्याची किंमत ओंबळेंनी दिली होती. आपण काय केलं, जून २०१२ मध्ये त्याच कटातला अबू जुंदाल भारताच्या हाती लागला आणि त्याचा खटला नीट उभा राहायच्या आत नोव्हेंबरमध्ये कसाबला येरवड्यात संपवला. तिकडे अमेरिकेने त्याच कटातल्या हेडलीला ३५ वर्षं देऊन जिवंत ठेवला, म्हणून २०१६ मध्ये तो व्हिडिओवरून मुंबईच्या कोर्टात साक्ष तरी देऊ शकला. जिवंत माणूस बोलतो, कधी दहा वर्षांनी बोलतो, पण बोलतो. आणि ‘वचक बसेल’ हे तर सांगूच नका, जी पोरं मरायलाच बोटीत बसून आली त्यांना मरणाचा वचक काय बसणार.

९३ च्या केसमध्येपण बघा. टाडा कोर्टाने शंभर जणांना दोषी धरलं, बारा जणांना फाशी. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ज्यांनी गाड्या, सुटकेसी, बॉम्ब प्रत्यक्ष नेऊन ठेवले अशा दहा जणांची फाशी काढून जन्मठेप केली, म्हणाले हे बाण होते, सोडणारे दुसरे, आणि सोडणाऱ्यांत धरून याकूबची फाशी एकट्याची कायम राहिली. टायगर मेमन आणि दाऊद हाती लागलेच नाहीत. अबू सालेमला पोर्तुगालने २००५ मध्ये दिला तोच या अटीवर की फाशी देणार नाही, त्यामुळे त्याला २०१७ मध्ये जन्मठेप झाली. म्हणजे एकाच कटात कोण फासावर जाणार हे पोर्तुगालच्या कायद्यावर आणि कोण पळून जाऊ शकलं यावर ठरलं. आणि त्या स्फोटांच्या आधी डिसेंबर-जानेवारीत मुंबईत दंगली झाल्या, श्रीकृष्ण आयोगाने ९०० मृत्यू मोजले, त्यात कोणाला फाशी नाही, कोणी मागितलीपण नाही. व्हायला हवी होती असं माझं म्हणणं नाहीच. पण देशाचा राग म्हणतात तो नेमका कुणाच्या मरणावर येतो आणि कुणाच्या नाही, हे बघून राहिले मी इतकी वर्षं.

आता माझ्यासाठी सगळ्यात अवघड जागा. खैरलांजी. भंडारा जिल्हा म्हणजे आम्हाला काही लांब नाही, २९ सप्टेंबर २००६ ला दलित भोतमांगे कुटुंबातले चौघं मारले गेले आणि नंतर नागपूर पेटलं होतं, मोर्चे, लाठीमार, कर्फ्यू, सगळं डोळ्यांनी पाहिलंय. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने सहा जणांना फाशी दिली, जुलै २०१० मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने तिची २५ वर्षं कैद केली. माझ्या मैत्रिणी रडल्या होत्या त्या दिवशी. मला मात्र फाशी गेली याचं दुःख नव्हतं, मला राग याचा होता की ॲट्रॉसिटी कायदा दोन्ही कोर्टांनी लावला नाही, जातीचा मुद्दाच नाही म्हणाले, जुनं वैर आहे म्हणाले. सहा दोर दिले असते आणि जात नाही असंच लिहिलं असतं तर काय मिळालं असतं? शिक्षेची लांबी सगळ्यांनी मोजली, निकालात काय खोडलं गेलं ते फार कमी लोकांनी वाचलं. भैयालाल भोतमांगे शेवटपर्यंत फाशीच मागत राहिले, जानेवारी २०१७ मध्ये नागपुरात वारले. त्यांना कोणी समजवायला जायचं कारण नव्हतं. बापाने काय मागावं आणि राज्याने काय द्यावं हे एकच असलं पाहिजे असं कुठे आहे?

इथे माझे आंबेडकरी मित्र मला म्हणतात की फाशीविरोध हे शहरी लोकांचं चोचलं आहे. मी त्यांना ३ जून १९४९ ची संविधान सभेतली चर्चा वाचायला देते. फाशी झालेल्याला सुप्रीम कोर्टात अपील मिळावं की नाही यावर घोळ चालू होता, आणि बाबासाहेब म्हणाले की त्यापेक्षा मी फाशीच रद्द करण्याच्या बाजूने आहे. या देशातले लोक अहिंसा पाळत नसतीलही, पण नैतिक तत्त्व म्हणून ती मानतात, तर या देशाने फाशी काढूनच टाकावी, असा त्यांचा मुद्दा. कोण बोलतंय बघा, ज्याच्या माणसांवर रोज हात उचलला जात होता तो. सात वर्षांनी त्याच माणसाने आमच्या या गावात लाखो लोकांना पंचशील दिलं, त्यातलं पहिलंच शील प्राणिहत्या करू नको. दीक्षाभूमी आणि ती जेलची भिंत एकमेकांपासून फार लांब नाहीत, दोन्हीकडे एकाच सकाळी जाऊन येता येतं.

आणि त्याच १९४९ सालात, त्याच नागपुरात अजून एक माणूस राहत होता, रामदास गांधी. गांधीजींचे तिसरे चिरंजीव. गांधींच्या खुनापेक्षा मोठा राष्ट्रीय हादसा कोणता सांगाल? लोकांनी तेव्हा काय केलं तेपण आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना विचारा, नागपुरात, पुण्यात, सातारा-कोल्हापूरकडे ब्राह्मणांची घरं जाळली, ज्यांचा त्या पिस्तुलाशी काडीचा संबंध नव्हता त्यांची. संतापाला कोणीतरी लागतंच, नेमका गुन्हेगारच पाहिजे असं काही नसतं. अशा वातावरणात रामदासभाईंनी नथुरामला नागपूरहून पत्र लिहिलं, आणि त्यांनी व भाऊ मणिलालने सरकारला सांगितलं की याला फाशी देऊ नका, आमच्या बापाला हे पटलं नसतं. मामाच्या प्रश्नाचं उत्तर म्हटलं तर इथेच आहे, घरचंच माणूस गेलं होतं त्यांचं. सरकारने ऐकलं नाही. १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाल्याच्या जेलमध्ये नथुराम आणि नारायण आपटे दोघांना फाशी झाली.

मग काय झालं, तर आता हिंदू महासभेवाले दर १५ नोव्हेंबरला बलिदान दिवस करतात. तारीख सरकारनेच काढून दिली. याकूबचंही तेच, मरीन लाइन्सच्या कब्रस्तानात त्याच्या कबरीला संगमरवर आणि लाइट लावले म्हणून २०२२ मध्ये केवढा गोंधळ झाला, राजकारण्यांना आठवडाभराचं काम मिळालं. नथुरामच्याच कटातला त्याचा भाऊ गोपाळ जन्मठेपेवर गेला, १९६४ मध्ये सुटला, २००५ मध्ये पुण्यात म्हातारा होऊन मेला. त्याच्या नावाने दिवस पाळायला कोणाच्या हाती काही लागलं नाही.

हे सगळं मी मामाला मागच्या रविवारी सांगितलं, सावजीचा रस्सा ओरपता ओरपता ऐकून घेतलं त्याने, आणि शेवटी म्हणाला, “मंग काय सोडून द्याचं त्यायले?” नाही मामा, सोडून कोण म्हणतंय. डिसेंबर २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी, राजीव गांधी केसमधूनच निघालेल्या प्रकरणात, मान्य केलंय की फाशीऐवजी सूट-माफी न मिळणारी लांबलचक कैद, अगदी मरेपर्यंतसुद्धा, हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्ट देऊ शकतात. ती द्या. आत ठेवा, विचारत राहा, फाइल उघडी ठेवा. ७/११ चं अपील सुप्रीम कोर्टात आहेच, उद्या तिथे निकाल फिरला आणि फाशीची शिक्षा झालेल्यांतले जे चौघं उरलेत त्यांनीच बॉम्ब ठेवले असं शंभर टक्के ठरलं, तर त्यांना पुन्हा आत घेऊन जा वर्धा रोडवर, माझी काही हरकत नाही. फक्त ते यार्ड उघडू नका.